दोरीमागचे बाबा

आमच्या नववीच्या मुली रोबो स्पर्धेची तयारी करत होत्या, तेव्हा त्यांच्यातल्या एकीचे वडील अंबडच्या कारखान्यातून सुटले की थेट शाळेच्या प्रयोगशाळेत यायचे. "बाई, मी नुसता बघायला आलोय हं," म्हणत स्टुलावर बसायचे आणि जरा वेळाने कुणातरी मुलीचा स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात असायचा. "असं नाही बेटा, असं!" मुली बिचाऱ्या हात बांधून उभ्या. शेवटी मी स्पष्टच सांगितलं, "साहेब, रोबो मुलींनी करायचाय." "अगदी बरोबर!" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मजबुतीसाठी लोखंडी पट्टी घेऊन आले. ती रोबोच्या पुढच्या बाजूला बसवलीही त्यांनीच.

स्पर्धा गंगापूर रोडच्या एका सभागृहात होती. पालकांना दोरीमागे उभं केलं होतं. रोबोने चढ चढून वरच्या टोपलीत चेंडू टाकायचा होता. चढावर आमचा रोबो अडला. पट्टीच्या वजनाने पुढे वाकला आणि मागची चाकं जागीच फिरू लागली.

"मागे घे बेटा! मागे!" दोरीमागून त्यांचा आरडाओरडा सुरू झाला.

त्यांच्या मुलीने वर पाहिलंसुद्धा नाही. तिने स्क्रू काढले, पट्टी बाजूला ठेवली आणि रोबो पुन्हा सोडला. तो सरळ वर चढला आणि त्याने चेंडू टोपलीत टाकला.

टाळ्यांच्या गजरात हे गृहस्थ शेजारच्या पालकांना सांगत होते, "मी आधीपासून म्हणत होतो, वजन कमी करा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तरातरा त्यांच्याकडे निघाले, तेवढ्यात त्यांच्या लेकीने माझा हात धरला.

"राहू द्या ना बाई," ती हसत म्हणाली. "आईने तर कधीच नाद सोडलाय."