बंद पंपाची बचत

नगरपालिकेत तिला सगळे धूरबाई म्हणत. तोंडावर नाही म्हणत. पण भिंतींना कान असतात आणि बाईच्या कानांना भिंती नव्हत्या, त्यामुळे तिला ठाऊक होतं. तिने कधी मनावर घेतलं नाही. काम धुराचं, तर नाव काय अत्तराचं ठेवतील?

काम असं होतं, की नगरपालिकेने वरच्या सरकारला लिहून दिलं होतं: तीन वर्षांत आम्ही आमच्या कारभारातून निघणारा कार्बन एक पंचमांशाने कमी करू. शब्द दिला सगळ्यांनी मिळून, टाळ्याही वाजवल्या सगळ्यांनी मिळून, आणि पाळायला ठेवली ही एकटी बाई. जिन्याखालची खोली दिली, दोन खुर्च्या दिल्या, त्यातल्या एकीला पाठ नव्हती. दारावर पाटी लावली, ‘पर्यावरण कक्ष, समन्वयक’. समन्वयक म्हणजे घरातली थोरली सून. विचारायचं सगळ्यांना, ऐकायचं कुणी नाही, आणि भाजी करपली की नाव तिचं.

दर महिन्याला ती वही घेऊन विभागाविभागात फिरायची. दिव्यांची वीज किती जळली, दवाखान्यात गॅस किती लागला, कचऱ्याच्या गाड्यांनी डिझेल किती प्यायलं. गॅरेजचा कारकून तर तिला बघून चहाचा कप आडवा धरायचा.

“बाई, डिझेल जळून गेलं. आता त्याचा धूर कुठे शोधत बसता?”

“धूर नको, पावत्या दाखवा.”

“पावत्या पण धुरातच गेल्या असतील.”

दोन वर्षं अशी चपला झिजवण्यात गेली. दिवे बदलून घेतले, दोन जुन्या गाड्या मोडीत काढायला लावल्या, तरी आकडा हटवादी म्हशीसारखा जागचा हलेना. आणि तिची नेमणूक होती तीन वर्षांच्या करारावर. उद्दिष्ट गाठलं तर पद कायम, नाही तर पद रद्द. बावन्न वर्षांची बाई, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. तिला आता दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं?

तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, मावशी. आईमागे तिनेच वाढवलेलं. मावशी टेकडीवरच्या वस्तीत दोन खोल्यांत एकटी राहायची. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर पाणीपुरवठ्याचा आकडा आला आणि बाईचा डोळ्यांवर विश्वास बसेना. विजेची युनिटं जवळजवळ निम्म्यावर आली होती. नगरपालिकेत सगळ्यात जास्त वीज पंप खातात. तिथेच एवढी घट म्हणजे उद्दिष्ट हाताशी आलं. तिने बेरीज तीनदा केली, मग त्या विभागाच्या कारकुनाला फोन केला.

“आकडा बरोबर आहे ना हो?”

“बिलावर आहे तोच दिला. मी काय पदरचा घालणार?”

बाईने हरखून सहामाही अहवालात लिहिलं: ‘पाणीपुरवठा विभागाने पंपांच्या वेळा आटोक्यात आणून विजेची मोठी बचत केली आहे. सध्याच्या पंपांवर काम व्यवस्थित भागत आहे.’ वेळा आटोक्यात आणल्या असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. काम भागतंय असंही कुणी म्हणालं नव्हतं. दोन वर्षं उपाशी असलेल्या माणसासमोर ताट आलं, त्याने कुणी वाढलं ते विचारलं नाही, एवढंच.

मोठ्या साहेबांनी पहिल्यांदाच बोलावून चहा पाजला. बाई तशीच टेकडी चढून मावशीकडे गेली.

“मावशे, शाबासकी मिळाली मला.”

“छान झालं. ती ठेव खुंटीला आणि बादली उचल. टँकर आलाय.”

“नळाला अजून पाणी नाही?”

“नळाला गंज आहे. हवाय?”

बाईने बादली उचलली. खांद्याला पिशवी, पिशवीत तो अहवाल, हातात बादली. दोन्हींची गाठ घालावी असं तिच्या डोक्यात आलं नाही. पाइप फुटला असेल, होईल दुरुस्त, असं म्हणून ती रांगेत उभी राहिली.

वर्ष संपत आलं. शेवटच्या विवरणाला फोटो हवे होते, म्हणून बाई पहिल्यांदाच नदीकाठच्या पंपघरात गेली. पंपवाला दारातच बसला होता. तीस वर्षं पंपांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय. आत सगळं शांत होतं, तरी तो ओरडूनच बोलला.

“फोटो कशाचा काढताय? मेलेल्याचा?”

मोठा पंप ताडपत्रीखाली होता. ताडपत्रीवर बोटभर धूळ. मोटर जळून आठ महिने झाले होते. धाकट्या पंपाचा जोर उतारावरच्या शाळेपर्यंतच पोचायचा. पुढे टेकडीवर थेंब चढत नव्हता.

“दुरुस्तीला लिहिलं नाही तुम्ही?”

“तीनदा लिहिलं! हे बघा तिसऱ्याचं उत्तर.” त्याने भिंतीवरच्या खिळ्यातून कागद काढला आणि ओरडत वाचला: “‘पर्यावरण कक्षाच्या अहवालानुसार सध्याच्या पंपांवर काम व्यवस्थित भागत आहे व विजेची बचत होत आहे. सबब दुरुस्तीची आवश्यकता नाही.’ कोण हो हे पर्यावरण कक्ष?”

बाई म्हणाली, “मी.”

पंपवाल्याने कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच हळू बोलला. “एकदा येऊन बघायचं होतं, बाई.”

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई खोलीत परतली आणि वही उघडून बसली. टेकडीवर रोज बारा खेपा टँकर चढत होता. चढाला डिझेल दुप्पट. टँकर ठेकेदाराचे, म्हणून ते डिझेल तिच्या वहीत कधी आलंच नव्हतं. आता तिने ते धरलं. बचत तर गेलीच, धूर उलट वाढला होता. तिने नवं विवरण लिहून काढलं, अहवालातली ती दोन वाक्यं चुकीची होती असं वर स्पष्ट लिहिलं, आणि मोठ्या साहेबांपुढे ठेवलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

“बाई, उद्दिष्ट गाठलंय आपण. गाठलेलं कुणी सोडतं का?”

“साहेब, पंप जळालाय. धूर कमी झालेला नाही, पाणी कमी झालंय.”

“टँकर आपले आहेत का?”

“नाहीत.”

“मग त्यांचा धूर आपल्यात कसा?”

“हवेला ठेकेदार ओळखू येत नाही, साहेब.”

साहेब हसले. हसू संपल्यावर म्हणाले, “शुक्रवारी विवरण जाणार. पहिलं, हे नाही. तुमची सही झाली की तुमचं पद राहिलं. पंपाचं पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी पंप लावला की वीज वाढणार. मग तुम्हीच म्हणाल, उद्दिष्ट मोडतंय, नको लावायला.”

यावर साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

शुक्रवारपर्यंत चार दिवस होते. बाई इंजिनिअरकडे गेली. तो म्हणाला, वरून आदेश आणा. अध्यक्षांकडे गेली, त्यांच्या शिपायाने तीन तास बाकावर बसवून सांगितलं, साहेब मागच्या दाराने गेले. पंपवाल्याकडून मोटरचा लेखी दाखला आणला, तर आवक-जावकच्या बाईने तो घेतला, शिक्का मारला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. सगळीकडे माणसं गोड बोलली. गुळाच्या ढेपेवर डोकं आपटलं तरी टेंगूळ येतंच.

राहता राहिली सही. एवढीच एक गोष्ट तिच्या हातात होती. समन्वयकाच्या सहीशिवाय विवरण जाणार नाही, आणि विवरण अडलं तर कुणी तरी विचारेल, का अडलं? या एका आशेवर शुक्रवारी सकाळपासून ती कागद समोर ठेवून पेनाला टोपण लावून बसली. शिपाई दोनदा येऊन गेला. दुपारी साहेब स्वतः जिन्याखाली आले, पाठ नसलेल्या खुर्चीवर बसले.

“बाई, विचार करा. तुमच्या सहीने किंवा सही न करण्याने पंप सुरू होणार नाही. तुमचं मात्र बंद होईल.”

“मग होऊ दे,” बाई म्हणाली. आवाज तिचा नव्हताच जणू.

चार वाजता आदेश निघाला: समन्वयकाचा तात्पुरता कार्यभार उद्यान अधीक्षकांकडे. ते बिचारे झाडांचे गृहस्थ, बागेतून हातपाय न धुता आले, दाखवलं तिथे सही केली आणि विचारलं, “हे रोपांचं आहे ना?” पाच वाजता विवरण गेलं. बाईचा करार महिनाअखेर संपणार, मुदतवाढ नाही, असं पत्र तिच्या हातात आलं. कुणी विचारलं नाही, का अडलं. अडलंच कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडी चढली. पद गेल्याचं सांगणं सोपं होतं. खरं सांगायचं होतं ते वेगळं, आणि प्रत्येक पायरीला वाटत होतं, परत फिरावं. मावशी टँकरच्या रांगेत बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती. बाई शेजारी उकिडवी बसली आणि एका दमात सगळं बोलून गेली: आकडा, शाबासकी, ती दोन वाक्यं, पंपवाल्याचा कागद, सही.

रांगेत पुढे एक शिवणकामवाली होती. ती गर्रकन वळली. “म्हणजे आठ महिने आम्ही तुमची बचत वाहतोय होय? मानेवरून?”

“हो.”

“आणि हे आता सांगताय?”

“मला आता कळलं.”

“आम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं. आम्हाला विचारायचं!”

मावशी आपली बाजू घेईल असं बाईला वाटलं असावं. तिने तिकडे बघितलं. मावशीने बाजू घेतली नाही. शिवणकामवालीच म्हणाली, “कागदाने पाणी घालवलंत ना? मग लिहा कागद. आम्ही सह्या करू. पण पहिली ओळ तुमची चूक.”

बाईने पिशवीतून वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. पहिली ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. अर्ज रांगेतून फिरला. काहींनी सही केली, काहींनी न वाचता पुढे दिला, एकीने म्हटलं, असले चार अर्ज माझ्या उशीखाली आहेत. तो कुठे पोचेल हे बाईला चांगलं माहीत होतं. गठ्ठ्याचा तळ तिने बघितलेला होता.

मावशीच्या आधी सात जणी असताना टँकर संपला. ड्रायव्हरने नळी गुंडाळली. बायका पांगल्या, रोजचंच होतं.

मावशी उठली, बादली सुलटी केली, शेजारची दुसरी ओढली आणि दोन्ही बाईच्या हातात दिल्या.

“शाळेच्या नळाला अजून तासभर येईल. दोन खेपा कर.”

“मावशे, माझं ऐकून तरी घे...”

“ऐकलं. रडायचं असेल तर उतरताना रड पोरी. चढताना दम लागतो.”

बाई उतरायला लागली. वळणावरूनच तिला शाळेची भिंत दिसली, आणि भिंतीला लागून थेट रस्त्यापर्यंत आलेली रांग.