मागे न जाणारी गाडी

आमच्या घरची गाडी कधीच मागे जात नसे. तिच्यात बिघाड काही नव्हता. रिव्हर्स गिअर होता, आरसे होते, मागची काच माझी आई दर शुक्रवारी पुसायची. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मागे घ्यायची नाही असं ठरवलं होतं. अण्णांनी एकदा ठरवलं की आमच्या घरात त्यावर चर्चा होत नाही, त्याप्रमाणे बाकीच्यांची सोय होते.

गाडी एका जपानी कंपनीची. पांढरी, गोल नाकाची, सात माणसांची, आणि आष्टीच्या हिशोबाने बारा माणसांची. अण्णा मूळचे आष्टीचे शेतकरी. गावाकडची जमीन सांभाळत त्यांनी नवीन जालन्यात पंप आणि फवारणीच्या सामानाचं दुकान टाकलं, ते चाललं, आणि मग त्यांनी ही गाडी घेतली. नवी गाडी घेतली की आमच्याकडे ती आधी राजूरच्या गणपतीला न्यायची असते. तशी नेली. पुजाऱ्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि अण्णांना म्हणाले, "आजच्या दिवस गाडी मागं घेऊ नका. पुढंच जाऊ द्या."

हे पथ्य एका दिवसाचं, सगळेच पाळतात. अण्णांनी ते जन्माचं करून टाकलं. "देवापुढं निघालेली गाडी हाय, ती मागं जात न्हाई," असं ते दुसऱ्या दिवशीही म्हणाले, दुसऱ्या वर्षीही म्हणाले, आणि पुढे कुणी विचारलं तर भुवया अशा वर करायचे की विचारणाऱ्यालाच आपण नास्तिक असल्यासारखं वाटावं.

मग सोय सुरू झाली. जालन्यातल्या आमच्या गल्लीत गाडी दारात आणायची तर पुढच्या चौकापर्यंत जाऊन, तिथे वळसा घालून, परत यायचं. लग्नाला गेलो की गाडी कार्यालयाच्या आवारात नाही, बाहेर रस्त्यावर, नाक गावाकडे करून. आई नऊवारी सावरत, हातात आहेराची पिशवी घेऊन, उन्हातून चालत येणार. आष्टीच्या घरात तर अण्णांनी कमालच केली. पुढच्या फाटकातून गाडी आत यायची, पण बाहेर कशी जाणार? अण्णांनी मागची भिंत फोडून दुसरं फाटक बसवलं. त्या भिंतीला लागून आईचा मोगरा होता, चांगला खांद्याएवढा वाढलेला. तो गेला. पुढे त्या फाटकातून कुत्री आली, शेजारच्यांच्या शेळ्या आल्या, वारं आलं, की प्रत्येक वेळी आई एवढंच म्हणायची, "या, या, रस्ता तुमचाच आहे."

माझं लग्न ठरवताना एक चांगलं स्थळ आलं होतं. अण्णा घर बघून आले आणि जेवताना म्हणाले, "पोरगा बरा हाय. पण गल्ली बंद हाय." ते स्थळ तिथेच संपलं. माझं सासर जालन्यातच, आणि तिथली गल्ली दोन्हीकडून उघडी आहे. मी नवऱ्याला अजून सांगते, तुझी निवड तुझ्या पगारावर झालेली नाही.

अण्णांच्या शेजारी डाळींचं दुकान असलेले एक शेठजी आहेत. त्यांचं घराणं राजस्थानातून येऊन पिढ्या झाल्या. त्यांच्याकडेही त्याच कंपनीची गाडी होती, फक्त त्यांनी सीटवरचं प्लास्टिक कधी काढलं नाही. उन्हाळ्यात त्यांच्या गाडीतून उतरताना माणूस सोलून निघाल्यासारखा आवाज व्हायचा. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की दोघे दुकानाच्या पायरीवर बसून गाड्यांचं कौतुक करायचे. कुणाची गाडी किती चालली, कुणाची घाटात तापली नाही, कुणाचा एसी अजून दात वाजवतो. सुट्या भागांचा खर्च जास्त, ही तक्रारसुद्धा दोघे अभिमानानेच करायचे.

या शेठजींनीच अण्णांना त्या कंपनीचा इतिहास सांगितला. "अण्णा, ये कंपनी पहले गाडी बनवतच नव्हती," ते म्हणाले, "कपडा विणायचे माग बनवायची. मालकानं लहानपणी आईला हातमागावर बसलेलं पाह्यलं होतं. मंग त्यानं असा माग काढला की एक धागा जरी तुटला तर माग आपोआप थांबून जायचा. बिलकुल खराब कपडा निघायचा नाही. नंतर त्याच्या पोरानं गाड्या सुरू केल्या."

अण्णांनी आयुष्यभर कापूस पिकवलेला. त्यांना ही गोष्ट इतकी आवडली की कंपनी त्यांना नात्यातलीच वाटायला लागली. त्यानंतर आमच्या गाडीत जो बसेल त्याला तो माग ऐकावा लागे. सासरी निघालेल्या नवऱ्या मुलींनी रडता रडता तो ऐकला. दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणींनी कळा देत ऐकला. "धागा तुटला की आपोआप थांबतो," अण्णा आरशातून मागे बघत सांगायचे, आणि गाडीतली म्हातारी माणसं मान डोलवायची.

स्टिअरिंगला मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. पुण्याला नोकरीला असलेल्या माझ्या भावाचा नाही आणि माझा तर नाहीच. मी रोज शाळेत शिकवायला माझी छोटी गाडी घेऊन जाते, पार खडी उखडलेल्या रस्त्याने. अण्णा तिला गाडी मानत नाहीत. तिला ते 'डबी' म्हणतात आणि गुडघे मावत नाहीत असं सांगून तिच्यात बसत नाहीत.

गेल्या वर्षी अण्णांच्या डोळ्यांनी कुरकुर सुरू केली. समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, म्हणाले. डॉक्टरांनी तपासलं, अंधार पडल्यावर अजिबात चालवायची नाही आणि दिवसासुद्धा आता हळूहळू सोडा, असं सांगितलं. त्यात गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, कागदपत्रं नव्याने करायची होती. भावाने फोनवर सगळं ठरवून टाकलं. गाडी विकायची, रविवारी गिऱ्हाईक येणार. अण्णा "बराबर हाय" एवढंच म्हणाले. एरवी भावाच्या कुठल्याही गोष्टीला ते बराबर म्हणत नाहीत, त्यामुळे मला धस्स झालं.

कारण गाडी गेली की अण्णांचं आष्टीला जाणं संपणार होतं. दर आठवड्याला शेतावर चक्कर, गावात चार जणांना आणणं-सोडणं, माग ऐकवणं, यावर तो माणूस उभा होता. एसटीने ते जाणार नाहीत, डबीत बसणार नाहीत आणि आपली गाडी दुसऱ्याच्या हातात देणार नाहीत. मी तीनदा विषय काढला. "अण्णा, मी चालवते न." तिन्ही वेळा त्यांनी पाणी मागितलं.

रविवारच्या आधी चतुर्थी आली. अण्णा म्हणाले, "इकायचीच हाय तर जिथं पूजा झाली तिथं हात जोडून येऊ." शेठजी आपणहून निघाले. ते पुढे अण्णांच्या शेजारी बसले, आई आणि मी मधल्या सीटवर. सकाळची वेळ, ऊन स्वच्छ, अण्णा बैलगाडी हाकल्यासारखे सावकाश. मागाची गोष्टसुद्धा निघाली नाही.

दरवेळी अण्णा राजूरला गाडी गावाबाहेरच्या मैदानात लावायचे, तिथे हवी तशी वळते. त्या दिवशी मात्र त्यांना ती पहिल्या पूजेच्या जागी, थेट पायऱ्यांपर्यंत न्यायची होती; वळायला तिथेही जागा आहे. दोन्ही बाजूंना नारळ, दूर्वा, पेढ्यांची दुकानं आणि मध्ये एक गाडी जाईल एवढीच वाट. आम्ही निम्म्यापर्यंत गेलो आणि समोरून ट्रॅक्टर आला.

कोरा ट्रॅक्टर. झेंडूच्या माळा, नाकावर ओलं स्वस्तिक, चाकांना लिंबाचा रस. चालवणारा शेतकरी नव्या टोपीत, बायको चाकावरच्या पत्र्यावर आरतीचं ताट धरून बसलेली. मागे त्यांचं सगळं खानदान चालत होतं, लेकराबाळांसह. दोन्ही वाहनं नाकाला नाक लावून उभी राहिली.

अण्णांनी काचेतून हात हलवला. "घ्या जरा मागं."

शेतकऱ्याने हात जोडले. "दादा, आत्ताच पूजा केली. नवा हाय. आजच्या दिवस मागं घेत न्हाईत. तुम्हाला तर म्हाइतच आसंल."

इतकी वर्षं जे वाक्य अण्णा जगाला ऐकवत आले होते, ते समोर ट्रॅक्टरवर बसून त्यांच्याकडे बघत होतं. शेठजी खिडकीबाहेर बघायला लागले. आईने पदर तोंडाला लावला, आणि ती रडत नव्हती हे मी खात्रीने सांगते. मागे एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला. पेढेवाला म्हणाला, "काका, जल्दी करा, गर्दी वाढून राह्यली."

अण्णांनी आरशात मागची रांग पाहिली. मग गाडी चालू ठेवूनच खाली उतरले, माझं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, बस तिथं. घे मागं."

मी त्यांच्या सीटवर बसले. सीट अण्णांच्या आकाराची झाली होती. गिअर मात्र इतक्या वर्षांत न वापरलेला, कसा पडेल कोण जाणे. पण पडला, पहिल्याच प्रयत्नात, लोण्यात सुरी जावी तसा. शेजारी शेठजींनी डोळे मिटून नवकार मंत्र सुरू केला. मी आरशात पाहिलं तर अण्णा गाडीच्या मागे उलटे चालत होते, दोन्ही हात हवेत, आणि ओरडत होते, "येऊ दे! येऊ दे! डाव्या अंगाला नारळं हायेत! येऊ दे!" मोटारसायकलवाले बाजूला झाले, दूर्वावाल्या बाईने टोपली उचलली, आणि आमची गाडी जन्मात पहिल्यांदा मागे मागे जात मैदानात पोचली. ट्रॅक्टर आमच्या समोरून वाजत गाजत निघून गेला. जाताना त्या बायकोने आम्हाला लांबूनच आरती दाखवली.

अण्णा खिडकीशी आले. घामाघूम झाले होते. मला वाटलं, आता देवाची माफी मागायला लावतील. ते म्हणाले, "मला मागं घ्यायला कधी आलंच न्हाई, बाई. शिकीवणाऱ्यानं लई शिकीवलं. पण मान वळवली की हात उलटेच फिरायचे. पुजारी तसं बोलले, मला बरंच झालं."

"मला पहिल्या दिवसापासनं म्हाइत होतं," आई मागून म्हणाली.

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही देवाला मधी घातलं. मी काय बोलू?"

शेठजींनी डोळे उघडले आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आम्ही सगळेच हसलो, अण्णासुद्धा, बॉनेटवर हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या मैदानात मला जितका आनंद झाला तितका माझ्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता.

दर्शन करून आलो तर अण्णा सरळ डाव्या बाजूला जाऊन पुढच्या सीटवर बसले. शेठजी मागे गेले. चावी माझ्याकडेच होती. परतीच्या रस्त्यावर अण्णा लहान लेकरासारखे इकडेतिकडे बघत होते. "ह्या रोडला एवढ्या मोसंबीच्या बागा कधी झाल्या?" असं त्यांनी विचारलं. त्या पूर्वीपासूनच होत्या. आजवर ते फक्त रस्ता बघत होते.

अर्ध्या वाटेवर त्यांनी भावाला फोन लावायला सांगितला. आईने लावून स्पीकरवर धरला.

"त्या गिऱ्हाईकाला येऊ नको म्हण. गाडी इकायची न्हाई."

"अण्णा, पण चालवणार कोण?"

"हाय न ड्रायव्हर घरात. चालवून राह्यली बघ आत्ता."

मग भाऊ म्हणाला, "ताईला एवढी मोठी गाडी जमते?"

"मागं बी घेते," अण्णा म्हणाले, आणि ते असं म्हणाले की गर्वाने माझेच कान गरम झाले. मग मागे वळून त्यांनी शेठजींना मागाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती शेठजींनीच त्यांना सांगितलेली होती, पण शेठजी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे मान डोलवत राहिले. "धागा तुटला की आपोआप थांबतो," अण्णा म्हणाले, आणि क्षणभर आपल्या दोन्ही रिकाम्या हातांकडे बघून हसले.

घरी आल्यावर मी चौकापर्यंत गेले नाही. गल्लीतच गाडी फिरवून मागे घेतली आणि दारात नाक बाहेर करून लावली. समोरच्या ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी आतून आपल्या सासूलाही बोलावलं.

अण्णा उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आईला म्हणाले, "उद्या आष्टीला जाऊ. ते मागचं फाटक बुजवून टाकू."

"का हो?"

"आता कशाला लागतं? वारं येतं लई." ते पायरीवर बसून चपला काढायला लागले. "आन् तिथं तुझा मोगरा होता न, तो लावू परत."

आई दारातच थांबली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तिने तो तिथेच उघडला आणि सगळ्या गल्लीच्या आधी, पहिला पेढा अण्णांच्या तोंडात कोंबला.