कात्रपची भाजी

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात दारफाळणीचा सण असतो. त्या दिवशी दार लावून उपास करायचा. पण त्याआधी ज्याला दुखावलं त्याची माफी मागून घ्यायची. देवाशी चुकलं तर देव माफ करतो, माणसाशी चुकलं तर त्या माणसाकडेच जावं लागतं, असं माझे वडील सांगत. आणखी एक सांगत, ते मला कधी पटलं नाही: ज्याने आपल्याला दुखावलं, त्याच्या दारावरून मुद्दाम जावं. त्याला माफी मागणं सोपं पडतं. माझा राग पहिल्यापासून नाकावर, मी कशाला जाते!

त्या वर्षी नणंदेने मला दुखावलं. आमच्या घरी मलिद्याचा विधी होता. खोबरं-साखरेत कालवलेल्या पोह्यांचा पहिलाच घास घेऊन ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पोहे भिजवायला विसरलीस का गं? धन्य माझ्या भावाचे दात!" लोक हसले. मला ते फार लागलं आणि आमचं बोलणं बंद झालं. सण चार दिवसांवर आला. लग्न झाल्यापासून उपास मी तिच्याच घरी सोडत आले होते. यंदा तो आपल्याच घरी सोडायचा, या विचाराने जीव कासावीस झाला.

शेवटी वडिलांचं ऐकलं. मांजर्लीत आमच्या दारासमोर भाजीवाला बसतो, तरी पिशवी घेऊन ती राहते त्या कात्रपला, तिच्या बिल्डिंगखालून गेले. ती गॅलरीत बसली होती. बघितलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात दोन दुधी झाले. तिसऱ्या दिवशी वरून हाक आली.

"ये वर! तीन दिवस बसलेय इथे, तुला माफी मागायला सोपं जावं म्हणून."

"मी मागू?" मी जिन्यातूनच ओरडले.

"मग कोण? मलिद्याला तू उलटून माझ्या नव्या सुनेसमोर म्हणालीस, 'ताई, तुमच्या हातचं कोण खातं ते हिलाच विचारा.' पोरगी बिचारी मान खाली घालून बसली."

म्हटलं होतं खरं. मी साफ विसरले होते. वर जाऊन मी तिच्या खुर्चीशेजारी बसले.

"चुकलं माझं, ताई."

"केलं माफ," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. इतकं हलकं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

उपास तिच्याकडेच सोडला. पोह्यांबद्दल ती अजून काही बोललेली नाही. मी मात्र भाजी आता कात्रपलाच घेते.