वृद्धाश्रमातला दातांचा गुरुवार

दातांच्या डॉक्टरकडं किस्से लवकर साठतात. आमच्यासमोर माणूस तोंड मिटून बसूच शकत नाही ना! त्यात मी दर गुरुवारी छावणीपलीकडच्या एका वृद्धाश्रमात जाते. मग तर विचारूच नका.

पहिल्याच दिवशी तिथले मॅनेजर म्हणाले, "मॅडम, निम्म्या लोकांना दातच नाहीत. बघणार काय?"

म्हटलं, "हिरड्या बघीन, जीभ बघीन. तोंड तर आहे ना?"

मागून एक आजी म्हणाल्या, "लई हाय! दिवसभर बंद नसतं!"

*

लासूर स्टेशन गावच्या अण्णांचा जन्म मोंढ्यात धान्य विकण्यात गेला. एकदा त्यांनी अचानक जेवण सोडलं. "वय झालं," सगळे म्हणाले. मुलगा धावत आला, नातेवाईक जमले, कुजबुज सुरू झाली.

मी टॉर्च मारून पाहिलं. तुटक्या दाढेची धार जिभेत रुतून मोठी जखम झाली होती! धार घासून गुळगुळीत केली, औषध दिलं. पुढच्या गुरुवारी अण्णा भाकरी कुस्करून खात होते.

मुलगा कळवळला, "अण्णा, दुखतंय म्हणून सांगायचं ना!"

"तुम्ही समदे रडत होता. मधीच कसं बोलावं?"

तेव्हापासून कुणी ताट सरकवलं, की पहिला फोन मला येतो.

*

कवळ्या धुताना अदलाबदल व्हायची, म्हणून त्यांच्यावर नावं कोरायची ठरवलं. फौजेतून रिटायर झालेले एक काका अडून बसले. "नुसतं नाव नाय चालणार. सुभेदार लिहा."

"काका, तोंडात कोण वाचणार?"

"इथं नाय कुणी. पण वर गेल्यावर चेकिंग झालं तर?"

*

कांबळेबाईंनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकवला. आता त्यांना पोटची मुलगीही ओळखू येत नाही. एकदा गाल टम्म सुजला, पण तोंडाजवळ हात नेला की त्या चावायच्या. मुलगी भिंतीला टेकून रडत होती.

मी समोर बसले. "बाई, माझा दात दुखतोय."

बाईंनी चटकन माझी हनुवटी धरली. "आ कर. एवढुसा नाय! हे बघ, असा!" आणि स्वतःच मोठ्ठा आ केला.

दाढेखालचा पू दिसला. आधी मी आ करायचा, मग बाईंनी, असं करत करत पू काढला. बाईंचा चेहरा सैलावला. रडता रडता मुलीला हसू फुटलं.

बाई तिच्याकडं वळल्या. "दात काय काढतीस? उद्या आईला घेऊन ये शाळेत!"

मुलगी ताठ उभी राहिली. "हो बाई. आणते."