सिस्टरच्या जास्वंदीचं पहिलं फूल

आज सकाळी गच्चीवर गेले आणि पाण्याची झारी हातातच राहिली. कुंडीतल्या जास्वंदीला फूल आलं होतं, चांगलं तळहाताएवढं, आणि रंग असा की नाव द्यायला गेलं तर जीभ अडखळावी. विटकरी म्हणावं तर कडेला पिवळी झाक, पिवळं म्हणावं तर मधोमध जांभळट राखाडी छाया. हुरड्याची आगटी विझत आली की निखाऱ्यांवर पातळ राख धरते, तसं काहीसं. जास्वंदीला वास नसतो म्हणून लोक तिला उणं लेखतात. मला मात्र ही जास्वंद पाहिली की नाकाशी स्पिरिटचा वास येतो, दवाखान्यातला, स्वच्छ आणि जरासा बोचरा. मग पाणी घालायचं राहून जातं आणि मी ताडकळसला जाऊन पोचते, माझ्या पहिल्या नोकरीच्या गावी. तुम्हीही कुंड्यांवर जीव लावणाऱ्यांपैकी असाल तर हे असं जाणं तुम्हाला नवं नसेल.

तिथल्या शाळेत मी नवीन शिक्षिका होते, बावीस वर्षांची, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. एकदा बोट कापलं म्हणून भर दुपारी दवाखान्यात गेले. आत कुणीच नव्हतं. मागच्या क्वार्टरच्या ओट्यावर नर्सबाई हातात चिमटा घेऊन एका फुलावर ओणवल्या होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, काळ्यासावळ्या, एकट्या राहणाऱ्या. मी जवळ जाताच मान न उचलता म्हणाल्या, "जरा दम धरा बाई, सोयरीक जमवायलेय."

सोयरीक म्हणजे सोयरीकच होती ती. नांदेडला ट्रेनिंगला असताना तिथल्या म्हाताऱ्या माळ्याकडून त्या हा नाद शिकल्या होत्या. एका जास्वंदीच्या दांड्यावरचे सोनेरी कण चिमट्यानं उचलायचे आणि दुसरीच्या टोकावरच्या पाच मखमली ठिपक्यांना हळूच लावायचे. मग देठाला दोरा बांधायचा आणि वाट पाहायची. आमच्या परभणीच्या उन्हात दहातली नऊ फुलं नुसतीच गळून जायची. एखादंच बोंड धरायचं, दोन महिन्यांनी तडकायचं, त्यात मोजक्या केसाळ बिया. त्यांना ब्लेडनं बारीक चीर द्यायची, कोमट पाण्यात भिजवायच्या, आणि रुजलेलं रोप वर्षसव्वा वर्ष वाढवायचं, तेव्हा कुठे पहिली कळी. "आन् फूल कसलं येईल ते आईबापाला बी ठावं न्हाई," त्या हसून सांगायच्या. मला त्या सगळ्या उद्योगापेक्षा त्यांच्या धीराचंच अप्रूप वाटायचं. माझ्याच्यानं तर दूध तापेपर्यंत थांबवत नसे. पुढे मी रोज शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊ लागले. वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावलेली ती रोपं, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर त्यांच्या वळणदार अक्षरात आकडा, आणि कलत्या रोपाला आधार म्हणून काठीशी बांधलेली सलाईनची नळी.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आसपासच्या गावांतून बौद्धवाड्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या यायच्या, घरं जळाल्याच्या यायच्या, आणि गावातली रोजची माणसं पारावर गप्प बसून असायची. सिस्टर बौद्ध होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, पण त्या आठवड्यात त्यांच्या ओट्याकडे कुणी फिरकलं नाही. मीसुद्धा नाही, शाळा सुटली की खाली मान घालून खोलीवर यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनीच मला निरोप पाठवून बोलावलं. ट्रंक बांधून तयार होती. पालमला त्यांचा भाऊ होता, तिकडे बदली मागून घेतली होती. बाकीची रोपं त्यांनी इथेतिथे देऊन टाकली होती, एकच डबा राहिला होता. पिवळ्या आणि लाल जास्वंदीच्या सोयरिकीतून तीन रोपं झालेली, दोन उन्हाळ्यात गेली, हे तिसरं वीतभर उंचीचं. "एवढं संभाळा बाई. बसमधी मोडंल. फूल आलं की कळवा, मी यीन बघायला." मी डबा घेतला. थांबा म्हणाले नाही.

मी राहायचे एका शेतकरी घराच्या पुढच्या खोलीत. घरमालकिणीला सगळे मामी म्हणायचे. उंच, खणखणीत आवाजाची बाई, जिभेला हाड नसलेली. डबा कुणाचा म्हणून त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या भावानं परभणीहून आणलाय." मामी काय म्हणतील, डबा उकिरड्यावर फेकतील की काय, या भीतीनं मी ही थाप मारली. एकदा मारली ती मारलीच. पुढे सव्वा वर्ष मी त्या रोपाला पाणी घातलं, शेणखत घातलं, पांढऱ्या किडीला राख मारली आणि रोज सकाळी भावाच्या नावानं त्याची खुशाली मामींना सांगितली. तेवढ्यासाठी माझा बिचारा भाऊ झाडांचा शौकीन ठरला. त्याला आयुष्यात कधी तुळशीला पाणी घालायचंही सुचलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याला कळी धरली. एकच. मी पालमला कार्ड टाकलं. सिस्टरचं उत्तर आलं: कळी लांबट होऊन तोंडाशी रंग दिसला की समजा दुसऱ्या दिवशी उमलणार, मी रविवारी सकाळच्या गाडीनं येते, सोमवारपासून लसीकरण आहे, मग महिनाभर सुट्टी नाही. शनिवारी संध्याकाळी कळीच्या तोंडाशी रंग दिसला. माझा आनंद काय सांगावा. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं ते कायमचं. ते नेमकं रविवारी उमलणार होतं.

रविवारी उठून अंगणात आले तर देठ रिकामा.

घरात डोकावले. मामींची पूजा आटोपली होती, उदबत्ती जळत होती, आणि देवघरात गणपतीच्या डोक्यावर सिस्टरचं फूल. ते रूप मी पहिल्यांदा पाहिलं ते असं, रडकुंडीला येऊन. मामी रोज पहाटे परसातली, शेजारची, मिळतील ती फुलं तोडायच्या, हे मला माहीत नव्हतं का? पण डबा माझा म्हटल्यावर भाडेकरणीच्या डब्यातलं एक फूल घ्यायला त्या विचारतील कशाला? मीच माझ्या थापेनं ते देवाला वाहिलं होतं. तासाभरात गाडी येणार होती. आता खरं सांगावं तर सव्वा वर्षाची लबाडी उघडी पडणार, आणि न सांगावं तर सिस्टरला रिकामा देठ दाखवायचा. शिवाय देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशीच्या पूजेशिवाय उतरत नसतं. आणि सिस्टर तर त्या घराच्या माजघरात कधी आल्याच नव्हत्या. मामींच्या सुनेचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं, पण तेव्हाही मागच्या दारानं आल्या, परसाकडच्या खोलीत बसल्या आणि मागच्या दारानंच गेल्या.

शेवटी मी उंबऱ्याशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. भाऊ खोटा, डबा सिस्टरचा, त्या आत्ता येतायत, फक्त हे फूल बघायला.

मामी वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही. "मंग? मला काय ठावं न्हाई व्हय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"काठीला सलाईनची नळी बांधल्याली हाय की गं! तुज्या भावाच्या घरी दवाखाना हाय का?" मला त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं. "पहिल्याच दिशी वळखलं. तू सांगना गेलीस, मी इचारना गेले."

"मग तोडलंत कशाला?" माझा आवाज चढला होता.

"तोडलं म्हंजे? झाडाचं पहिलं फूल देवाचं असतंय. त्याबिगर झाड धरत न्हाई. तिचं झाड जगावं म्हनून वाह्यलं. तिनं माजा नातू जगविला."

आमच्याकडे पहिलं कणीस देवाचं, पहिली कैरी देवाची, तसं पहिलं फूल. मामींनी आपल्या परीनं सिस्टरचं भलंच केलं होतं. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

गाडी आली. सिस्टर लगबगीनं अंगणात शिरल्या, डब्याकडे गेल्या आणि तिथेच थबकल्या. मी पुढे होऊन काही बोलणार तोच मामी दारात आल्या. "आत ये गं. तुजं फूल आत हाय." सिस्टर हलेनात. मामींनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा हळू, "ये. पुडच्या दारानं ये."

सिस्टरनी चपला काढल्या. माजघरातून देवघराशी आल्या आणि उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. त्या देवाला मानत नव्हत्या आणि मामींना ते माहीत होतं. नुसत्या बघत राहिल्या, बाळंतिणीनं पोराचं तोंड पाहावं तशा. तेव्हा मामींनी सरळ हात घालून गणपतीच्या डोक्यावरचं फूल उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "हितं अंधार हाय. उजेडात बग."

फूल अजून ताजंच होतं. जास्वंद तोडली तरी पाण्याशिवाय दिवसभर टिकते हे मी गडबडीत विसरले होते. त्या दिवशी अंगणातल्या उन्हात आम्ही तिघी त्या फुलाभोवती बसलो. सिस्टरनी पर्समधून चिमटा काढला, त्याचे कण उचलून परसातल्या मामींच्या गावरान लाल जास्वंदीला लावले, आणि मामींनी आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्या देठाला बांधली. "आता ह्याला कुनी हात लावाचा न्हाई," त्यांनी सगळ्या घराला बजावलं. हात लावणाऱ्या त्या एकट्याच होत्या, ही गोष्ट वेगळी. सिस्टर फूल परत द्यायला गेल्या तर मामी म्हणाल्या, "देवावरचं उतरल्यालं परत चढत न्हाई. ने तू." ते फूल ओल्या फडक्यात गुंडाळून पालमला गेलं.

मी स्टँडवर पोचवायला गेले. मला इतकं हलकं वाटत होतं की सारखी बडबडत होते: मामींना सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सिस्टरनी ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "मंग मी जाताना तुमच्यातली एक बी 'थांब' कशी म्हनली न्हाई, बाई?"

गाडी लागली, त्या चढल्या.

घरी येऊन मामींना तेवढं वाक्य सांगितलं. त्यांनी निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "कार्ड हाय का? लिही. म्हनावं ये माघारी. माजं नाव घाल." मी लिहिलं. सहा महिन्यांनी सिस्टर पुन्हा ताडकळसच्या दवाखान्यात रुजू झाल्या. माझ्या गच्चीवरची जास्वंद त्याच डब्यातल्या झाडाच्या फांदीवरून आलेली.

वाईट लपवायचं असतं हे मला तेव्हा ठाऊक होतं. त्या दिवसांत आम्ही मनातलं चांगलंही एकमेकींपासून लपवत होतो, भीतीपोटी, एकाच अंगणात राहून, आणि आमच्या त्या मुक्या चांगुलपणाचा सिस्टरना काडीचा उपयोग झाला नव्हता. जळालेली घरं त्यानं वाचली नाहीत. हे मी विसरत नाही. पण एवढ्या वर्षांनीही तो दिवस आठवला की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं, हेही तितकंच खरं. एका दिवसाचं फूल चुकलं की चुकलं, ते आपल्यासाठी थांबत नाही. माणूस कधीकधी थांबतो. एका शब्दासाठी सिस्टर सव्वा वर्ष थांबल्या, आणि तो उशिरा गेला तरी आल्या.