हात जरा हलका

तिला सगळे भिंगरी म्हणत. पोर एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बापानेच लहानपणी ठेवलेलं नाव. पुढे ती सोनोग्राफीची तंत्रज्ञ झाली आणि अंधाऱ्या खोलीत स्टुलावर बसून दिवसभर लोकांची पित्ताशयं, मूत्रपिंडं बघू लागली. तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "तुला एका जागी बसवायला शेवटी मशीनच लागलं."

दोघी बहिणी एकत्रच राहत. अक्का घरी शिवणकाम करायची.

चाळिशी उलटली आणि भिंगरीचे हात जड झाले. वेणी घालायला ते वर जाईनात. जिन्यात कठडा धरावा लागे. पापण्यांवर जांभळट सूज आली. सांध्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, मांडीचा बारीक तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, शरीराची प्रतिकारशक्ती तुमच्याच स्नायूंवर आणि कातडीवर उठली आहे.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," अक्का म्हणाली.

"खायला लागलंय. आपण थांबवू. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करू, आणि अधूनमधून स्नायूंची सोनोग्राफी करू. आत काय चाललंय ते कळेल."

हे शेवटचं वाक्य भिंगरीच्या डोक्यात भुंग्यासारखं शिरलं. मशीन तर तिच्याच हाताखाली होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने दार लावून घेतलं, मांडीला जेल फासलं आणि मशीनचा हातात धरायचा प्रोब टेकवला. निरोगी स्नायू पडद्यावर काळसर दिसतो, मधून बारीक पांढऱ्या रेघा. तिचा मात्र धुकं उतरल्यासारखा पांढुरका होता. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पाहिलं. मग एक पेशंट गेला आणि दुसरा यायचा असला की तेवढ्यातही. स्नायूची जाडी मोजायची. आज कालच्यापेक्षा कमी. संध्याकाळी आणखी कमी. घरी आल्यावर अक्काचा टेप घेऊन मांडीचा घेर मोजायची.

"पेरलेलं उगवलं का म्हणून रोज माती उकरणारी तू," अक्का वैतागली. "उगवेल कसं?"

स्टेरॉइडनेही स्नायू झिजतात, हे भिंगरीला ठाऊक होतं. आकडे उतरत होते. गोळीच मांडी खातेय अशी तिची खात्री झाली, आणि कुणाला न सांगता तिने गोळी अर्धी केली.

थोड्याच आठवड्यांत पाणी पिताना तिला ठसका लागू लागला. एकदा घोट नाकातून परत आला. अक्काने हातातलं शिवण टाकलं आणि तिला तशीच डॉक्टरांकडे नेली.

भिंगरीने सगळं सांगितलं आणि आपली साठवलेली चित्रं पुढे केली. डॉक्टरांनी ती एकेक करून पाहिली.

"प्रोब कोण धरत होतं?"

"मीच."

"माझ्यासमोर धरा बरं."

तिथल्या मशीनचा प्रोब तिने मांडीवर धरला. डॉक्टर आधी पडद्याकडे, मग तिच्या बोटांकडे बघत राहिले. "हात जरा हलका करा."

तिने बोटं सैल सोडली. पडद्यावरचा स्नायू फुगून वर आला. पुन्हा दाबलं, चपटा झाला. भिंगरी ओशाळली. दाबलं की स्नायू बारीक दिसतो, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. जीव जितका घाबरा, तितकी ती दाबत गेली होती.

"मग झिजलाच नाही?" अक्काने विचारलं.

"जाडी फारशी गेलेली नाही. पण हा पांढरेपणा दाबून येत नाही. तो आधीपेक्षा वाढलाय. दाह पुन्हा उसळलाय, गोळी अर्धी केली म्हणून."

भिंगरीला हसावं की रडावं कळेना.

त्यांनी तिला दाखल करून घेतलं, गोळी पूर्ववत केली, जोडीला दुसरं औषध दिलं. मांडी आता दुसरीच तंत्रज्ञ तपासणार, तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच. "तुम्ही रोज फक्त खुर्चीवरून हात न टेकता उठायचं," ते म्हणाले. "उठता आलं तर मला तेवढं पुरे."

पहिल्या दिवशी उठता आलं नाही. हात न टेकता उठायला तिला हिवाळा संपेपर्यंत वेळ लागला. ठसका त्याआधीच थांबला होता. पडद्यावरचं धुकं विरळ होत गेलं, पण डाव्या मांडीतला एक पट्टा पांढराच राहिला. तिथे चरबी भरली आहे, तो बहुतेक तसाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं.

भिंगरी आता अर्धा दिवस कामावर जाते. वेणी स्वतःची स्वतः घालते, मध्येच हात खाली घेऊन. तपासणीची तारीख जवळ आली की मात्र ती स्वयंपाकघरात भांडी आपटू लागते. अक्का शिवणयंत्र थांबवते, कानोसा घेते आणि पुन्हा पाय मारायला लागते.