अकरा झोके

सोमा बागुल म्हणजे दुधानं कधी न पोळताही ताक फुंकून पिणारा माणूस. बमरोलीत बारा वर्षं कापडाचे लूम दुरुस्त केले, पण मालकाच्या घड्याळावर कधी विश्वास ठेवला नाही. शहाण्णव साली तो इच्छापोरच्या एका कारखान्यात लागला. तिथल्या लांबलचक हौदात समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मचं कमरेएवढं मॉडेल स्प्रिंगांवर उभं असे. सोमानं ते दोरीनं बाजूला ओढायचं, सोडायचं आणि थांबेपर्यंत झोके मोजायचे. पाणी त्याला किती आवरतं हे पाहून चेतनभाई इंजिनियर लाटांचा मार काढायचे, आणि खऱ्या प्लॅटफॉर्मला लोखंड किती लागेल ते ठरायचं. त्याच प्लॅटफॉर्मवर सोमाचा राकेश वेल्डर म्हणून जाणार होता.

दसऱ्याआधी झोके एकोणीस यायचे. दसऱ्यानंतर आले अकरा! चेतनभाई खूश.

"सोमाभाई, पानी अच्छा पकड़ता है. लोहा बचेगा."

सोमाचं डोकं फिरलं. पाणी तेच, मॉडेलचे पाय तेच, मग आठ झोके गेले कुठं? प्लॅटफॉर्मवाल्या कंपनीला खूश करायला साहेबानंच स्प्रिंगा बदलल्या, दुसरं काय! घरी त्यानं राकेशला दम भरला, "त्या लोखंडावर चढायचं नाही!" बायको रंभाबाई करवादली, "तुमले देवबी खोटाच दिसस!"

रिपोर्ट जायच्या सकाळी, साहेब यायच्या आत, सोमानं चोरी पकडायला हौद रिकामा केला. गढूळ पाणी उतरलं. स्प्रिंगा जुन्याच होत्या. पण खालच्या आडव्या नळीला सुतळी गुंडाळलेली, तिच्यात आंब्याची पानं. अरे देवा! खंडेनवमीला मॉडेल बाहेर होतं, तेव्हा पूजेचं तोरण सोमानंच बांधलं होतं. वरची फुलं काढली, हे खाली राहिलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा! ती पानंच पाण्यात अडत होती, म्हणून मॉडेल लवकर थांबत होतं.

सोमानं सुतळी सोडवली. ती खिशात घातली तर नोकरी वाचणार होती, पण रिपोर्ट अकराचाच जाणार होता, आणि प्लॅटफॉर्मला लोखंड कमी पडणार होतं. चेतनभाई आल्यावर त्यानं ती टेबलावर ठेवली.

"मीच बांधली, साहेब. कामावरून काढायचं तर काढा. पण तिथं माझा पोरगा चढणार आहे."

 साहेबांनी रिपोर्ट फाडला आणि हौद भरायला लावला. झोके एकोणीस आले. साहेब ते लिहायला वळले, तर सोमानं दोरी पुन्हा ओढलेली.

"अब क्या हुआ? उन्नीस तो आ गया."

"अजून एकदा बघू, साहेब. आजपासून माझा माझ्यावरबी भरोसा नाही."